माशीचा पत्ता

बुवुन्या, मबीरा जंगलाशेजारी
सोमवार, २२ एप्रिल १९६८

बाळ झाकालिया,

कामाला शाबास. घराला शाबास. घरात तू एकटाच असतोस, तरी रीत म्हणून घरालाही शाबास.

आम्ही सगळे बरे आहोत, केयुने सोडून. केयुने म्हणजे माझ्या एरियाचा मुलगा, माझा नातू. तू त्याला पाहिलेलं नाहीस, कारण बाप्तिस्म्याला तू आला नाहीस. एन्टेबेच्या संग्रहालयात माशा मोजत होतास. टोळ ज्याच्या कुळाचं देवक आहे त्या माणसाने किड्यांवर पोट भरावं, हे तुझ्या बापाला शेवटपर्यंत पटलं नाही. मी मात्र गावात सांगते की माझा भाचा सरकारी आहे.

केयुनेच्या पाठीवर चार गळवं आली. काल एकातून किडा निघाला, जाडजूड, तांदळाचे तीन दाणे एकापुढे एक ठेवावेत एवढा. बाकीचे तिन्ही आज सकाळी नाल्वोगाने दाबून काढले. नाल्वोगा म्हणजे माझी सून. हे कशाने होतं ते तुला सांगायला नको. ओला कपडा सावलीत पडून राहिला, त्यावर माशी बसली आणि तो इस्त्री न करता अंगाला लागला की होतं. म्हणून तर आपल्याकडे ज्याला एकच लंगोट आहे तोसुद्धा तो इस्त्री करून नेसतो.

मी सुनेला विचारलं. तर म्हणते, "आई, मी दोन्ही बाजूंनी इस्त्री करते. शिवणीवरून दोनदा." मी म्हटलं, "मग किडे काय इस्त्रीतून आले?" एरिया बायकोची बाजू घेतो. म्हणतो, "तुझी खात्री असेल तर पुरावा दे." अकरा वर्षं मी चर्चच्या मातृसंघाची प्रमुख आहे. दर पावसाळ्याआधी गावातल्या बायकांना इस्त्रीवर व्याख्यान देते. आणि माझ्याच नातवाच्या पाठीत किडे! लोक तोंडावर काही बोलत नाहीत, पण बायकांनी माझी इस्त्री मागून नेणं बंद केलं आहे.

म्हणून एक किडा डब्यात घालून बसच्या कंडक्टरकडे देते आहे. तू तपास आणि शिक्का मारलेलं पत्र पाठव, की ही कपड्यांवरची माशी आहे आणि इस्त्री न केल्यामुळे झालं. सेंगाचा, म्हणजे बापाच्या बहिणीचा, शब्द मोडू नये हे तुला माहीत आहे.

लग्नाचं काय ठरवलंस?

तुझी सेंगा,
एरुसा


एन्टेबे
शनिवार, २७ एप्रिल १९६८

आदरणीय सेंगा,

कामाला शाबास, आणि पत्राबद्दल शाबास.

डबा मिळाला. त्यात आधी शेंगदाण्याची चटणी होती असं दिसतं, आणि ती पुरती पुसलेली नव्हती. किडा तिच्यात वाळून चपटा झाला आहे. कंडक्टर बहुधा डब्यावर बसला असावा. अशा नमुन्यावरून मी एवढंच सांगू शकतो की हा किडा होता.

कृपया दुसरा पाठवावा. शक्य तर दोन: एक जिवंत, ओलसर वाळूत, झाकणाला भोकं पाडून, दुसरा वारागीत बुडवून. वारागीचं नाव काढल्याबद्दल माफी असावी, पण दारूशिवाय किडा टिकत नाही.

किडा दाबून काढू नये, फुटतो. गळवाच्या तोंडावर व्हॅसलीन फासावं आणि थांबावं. हा किडा डोकं आत घालून बसतो आणि श्वास मागच्या टोकाने घेतो. व्हॅसलीनने वाट बंद झाली की जीव गुदमरून मागेमागे येतो, तेव्हा हलकेच धरावा. त्याचं मागचं टोक विशेष जपावं. माणूस तोंडावरून ओळखतात, हा दुसऱ्या बाजूने ओळखतात. तिथे दोन तबकड्या असतात आणि प्रत्येक तबकडीत तीन फटी. फटींची वळणं पाहिली की जात कळते. आमचं सगळं शास्त्र त्या सहा फटींवर उभं आहे.

तुमच्या मनात असलेल्या माशीला आम्ही कॉर्डिलोबिया अँथ्रोपोफेगा म्हणतो. त्याचा अर्थ माणूसखाऊ, आणि तो अन्याय आहे; ती मुख्यतः उंदरांवर वाढते. तिचा किडा आठ-दहा दिवसांत बाहेर पडतो. तेव्हा तीन गोष्टी कळवाव्यात. गळू कोणत्या दिवशी दिसलं, किडा कोणत्या दिवशी निघाला, कपडा कुठे वाळत होता. तोवर सुनेच्या इस्त्रीबद्दल कुणीच काही ठरवू नये, ही विनंती.

लग्नाचं अजून तपासतो आहे.

आपला भाचा,
झाकालिया कालिब्बाला


बुवुन्या
रविवार, ५ मे १९६८

बाळ झाकालिया,

कामाला शाबास.

गावात वारागी एकटी केझिया गाळते. ही तीच केझिया, जिला मी दोन वर्षांपूर्वी मातृसंघातून काढलं. जंगलातल्या झऱ्यावर नातीला आंघोळ घालायला नेलं होतं, तिथल्या जुन्या देवाला कॉफीच्या बिया आणि कवड्या वाहतात तिथे. मी भर सभेत म्हटलं होतं, एक तर झरा नाहीतर चर्च. आता त्याच बाईच्या दारात बाटली घेऊन उभी राहिले. तिने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "किती दिवसांपासून?" मी म्हटलं, "किड्यासाठी हवी आहे." ती म्हणाली, "सगळे तसंच काहीतरी म्हणतात." तुझ्या शास्त्रापायी मी आता गावची दारुडी झाले आहे.

नाल्वोगा मंगळवारी, ३० तारखेला, माहेरी निघून गेली. केयुनेला घेऊन. मी तिला घालवलं नाही. मी फक्त एवढंच म्हटलं की जिच्याने इस्त्री उचलवत नाही तिने मूल तरी कशाला उचलावं. तिने वाढलेले केळ्यांचे मटोके तसेच ठेवले, मूल पाठीशी बांधलं आणि गेली. एरिया दोनदा तिथे जाऊन आला. तिचा बाप म्हणाला, आधी मुलीचा गुन्हा काय ते सांगा, मग बोलू. म्हणून तुझं पत्र लवकर हवं.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं: केयुनेचं पहिलं गळू ८ एप्रिलला दिसलं, किडा २१ला निघाला. म्हणजे तेरा दिवस. कपडा अंगणातल्या दोरीवर, उन्हात.

सोबत दोन किडे आहेत. दोन्ही काल सकाळी व्हॅसलीन लावून काढले. तू म्हणालास तसे मागेमागे आले. आरशात बघून काढायचं म्हणजे कठीण काम आहे, पण मागचं टोक शाबूत आहे.

तुझी सेंगा,
एरुसा


एन्टेबे
शनिवार, १८ मे १९६८

आदरणीय सेंगा,

शाबास! हे रीतीचं शाबास नाही, मनापासूनचं आहे.

दोन्ही किडे उत्तम स्थितीत पोचले. जिवंत होता तो वाळूत शिरून कोश करून बसला आहे. वारागीतला मी कापून, क्षारात उकळून, काचेवर बसवून पाहिला. चार दिवस रोज पाहिला, कारण माझा माझ्यावर विश्वास बसेना.

सोबत मी काढलेलं चित्र जोडलं आहे. डावीकडे नेहमीच्या माशीचा किडा: फटी थोड्याशा वाकलेल्या, धनुष्यासारख्या. उजवीकडे तुमचा किडा: फटी आतड्यासारख्या वळत वळत गेलेल्या. अंगावरचे काटेही वेगळे बसवले आहेत. सेंगा, ही कपड्यांच्या दोरीवरची माशी नव्हे. ही तिची जंगलातली चुलत बहीण, कॉर्डिलोबिया रोधाइनी. हिचा किडा बारा ते पंधरा दिवस अंगात राहतो. तुमचे तेरा दिवस तंतोतंत बसतात. आमच्या संग्रहात जंगलाच्या त्या बाजूची एकही नव्हती. तुमची पहिली.

तेव्हा तुम्ही मागितलेलं प्रमाणपत्र देता येत नाही, उलटं देता येतं. ही माशी उन्हातल्या अंगणात येत नाही. तिला दाट झाडी, ओल आणि गर्द सावली लागते. कपडा जंगलात वाळत पडला होता. नाल्वोगाच्या दोरीचा आणि तिच्या इस्त्रीचा याच्याशी संबंध नाही. हे तिच्या वडिलांना कळवायला हरकत नसावी.

आता एकच काम राहिलं. प्रत्येक नमुन्याखाली टाचणीला एक लेबल लावतात. त्यावर चार गोष्टी: जागा, तारीख, कुणाच्या अंगावर सापडला, कुणी पकडला. पकडणाऱ्याच्या जागी मी तुमचं नाव लिहिलं आहे. आपल्या घरातलं हे पहिलंच नाव जे सरकारी कपाटात कायमचं राहील. जागा तेवढी कळवावी. जंगलात नेमकं कुठे, वाटेपासून किती पावलांवर, पाणी जवळ आहे का. मी पुढच्या महिन्यात स्वतः येऊन बघीन म्हणतो.

आनंदात,
झाकालिया


बुवुन्या
गुरुवार, २३ मे १९६८

झाकालिया,

जागेच्या ठिकाणी 'अंगण' लिही.

तू येऊ नकोस. पाऊस आहे, रस्ता खचला आहे. प्रमाणपत्रही नको. जे झालं ते झालं. एवढ्या लहान किड्याच्या मागे किती जाणार? तुमच्या त्या फटी थोड्या इकडच्या तिकडे झाल्या असतील. वारागीने माणसाचीसुद्धा चाल वाकडी होते.

एरुसा


एन्टेबे
बुधवार, २९ मे १९६८

आदरणीय सेंगा,

कामाला शाबास.

'अंगण' लिहिता येत नाही. का ते सांगतो, रागावू नये.

मी नोकरीला लागलो तेव्हा इथे एक तपकिरी रंगाची माशी होती, तिच्या लेबलवर एका टेकडीचं नाव होतं. तीस वर्षं लोक त्या टेकडीवर तिला शोधत होते. दोघांना तिथे हिवताप झाला, एकाचा पाय मोडला. मग एका म्हाताऱ्या शिपायाने निवृत्तीच्या दिवशी सांगितलं की ती त्याने स्वयंपाकघराच्या खिडकीत पकडली होती. साहेब रागावतील म्हणून टेकडी लिहिली. आमच्या धंद्यात माशी चोरलेली चालते. जागा खोटी चालत नाही.

काल सकाळी कोश फुटला आणि माशी बाहेर आली. मादी आहे, पिवळट-तपकिरी, नेहमीच्या माशीपेक्षा अंगाने मोठी. मिशीच्या केसाला दोन्ही बाजूंनी पिसं. आता शंकेला जागा नाही.

दुसरी गोष्ट. लेबलवर 'कुणाच्या अंगावर' तेही लागतं. मी केयुनेचं नाव लिहायला घेतलं आणि तुमचं ५ मेचं पत्र पुन्हा वाचलं. केयुने ३० एप्रिललाच आईबरोबर गेला. किडे तुम्ही ४ मेला काढले. आणि आरशात बघून काढले. तान्ह्या मुलाच्या पाठीसाठी आरसा लागत नाही.

तिसरी गोष्ट लेबलवर येत नाही, पण लिहितो. एरिया सोमवारी इथे आला होता. अंगावरची कापडं ढिली झाली आहेत. मी मासा रांधला, त्याने शेपटीकडचा तुकडा खाल्ला आणि बाकीचा बोटाने इकडून तिकडे केला. मग विचारलं, "दादा, माशी काय म्हणते?" नाल्वोगाच्या घरी तिच्यासाठी दुसरीकडून विचारणा आली आहे म्हणे, एका शाळामास्तरची. मूल पदरात असलं तरी त्याची हरकत नाही. मी एरियाला म्हटलं, तपास चालू आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी निष्कर्ष हातात असताना तपास चालू आहे म्हटलं. परत परत म्हणणार नाही.

सेंगा, तुम्ही जंगलात का गेलात हे मी विचारत नाही. लेबलवर 'का'ला जागा नसते. फक्त जागा सांगा.

आपला,
झाकालिया


बुवुन्या
रविवार, १६ जून १९६८

बाळ झाकालिया,

लेबलवर लिही. जागा: बुवुन्याच्या पूर्वेला जंगलातला झरा, वाटेपासून ऐंशी पावलं, मी आज मोजली. ज्या झुडपावर कपडा टाकला ते पाण्याच्या डाव्या हाताला आहे. तारीख: २३ मार्च, ६ एप्रिल आणि २० एप्रिल, तिन्ही शनिवार. कुणाच्या अंगावर: एरुसा, कमरेच्या वर. कुणी पकडला: तिनेच.

आता 'का' सांगते, जागा नसली तरी. एरियाच्या आधी मला एक मुलगी झाली होती. तुझ्या बापाला माहीत होतं. सात महिन्यांची असताना रडायला लागली, थांबेचना. सासू म्हणाली, झऱ्यावर ने. मी नुकता बाप्तिस्मा घेतलेला. म्हटलं, प्रार्थना करू. चौथ्या दिवशी ती गेली. केयुने सात महिन्यांचा झाला आणि तसाच रडायला लागला. नाल्वोगा शनिवारी टोमॅटो घेऊन बाजारात जाते. ती गेली की मी त्याला पाठीशी बांधून झऱ्यावर न्यायची, औषधी पाल्याच्या पाण्याने आंघोळ घालायची. त्याचं रडणं थांबलं. झऱ्याने थांबलं की दात आल्याने, मला माहीत नाही. झऱ्यावर माझा विश्वास आहे का? नाही. पण मी गेले, आणि पुन्हा जाईन की नाही ते विचारू नकोस.

त्याला बांधायचं कापड तिथे भिजायचं, ते झुडपावर टाकायची. घरी आणून इस्त्री केली असती तर सुनेने विचारलं असतं, आई, हे ओलं कसं झालं. म्हणून तसंच घडी घालून पेटीत ठेवायची आणि पुढच्या खेपेला तेच काढायची. रुमालसुद्धा इस्त्री केल्याशिवाय नाक पुसायला न घेणारी मी! गळवं आली तेव्हा खरंच सांगते, त्या कापडाचा विचारही मनात आला नाही. माशी अंगणातलीच असते आणि चूक सुनेचीच असते, हेच मला माहीत होतं. माझ्या कमरेवर फोड उठले तेव्हा कळायला लागलं. तुझं चित्र आलं त्या दिवशी पुरतं कळलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तुझं २९ तारखेचं पत्र मी आठ दिवस बायबलमध्ये ठेवलं. मग केझियाकडे गेले. ज्यातून तिचं नाव खोडलं होतं ते मातृसंघाचं रजिस्टर तिच्या ओट्यावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "आधी बोलली असतीस तर दोघी मिळून गेलो असतो. ती चढण एकटीने म्हणजे गुडघ्यांची वाट लागते." पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये उभी राहिले आणि बोलले. पाद्रीबाबांनी माझी प्रमुखपदावरून सुटका केली. कुणी रडलं नाही. दोन बायका तेवढ्या माझी इस्त्री मागायला आल्या.

काल एरिया, त्याचा काका आणि मी नाल्वोगाच्या माहेरी गेलो. एक बकरा, साखर आणि रॉकेलचा डबा नेला. असं बायकांनी जायचं नसतं, गेलं तरी तोंड उघडायचं नसतं. चटईवर बसले. तिचा बाप बेसवेरी आणि त्यांच्या कुळाचे चार म्हातारे समोर. काकाने घसा साफ केला आणि तो हवापाण्यावरून सुरुवात करणार, एवढ्यात बेसवेरी म्हणाला, "माझ्या मुलीचा गुन्हा सांगा."

मी तुझं चित्र काढून चटईवर ठेवलं. म्हटलं, "ही डावीकडची अंगणातली माशी. ही उजवीकडची जंगलातली. फटी बघा." एकेका म्हाताऱ्याने कागद हातात घेऊन पाहिला. एकाने उलटा धरला. एकाने विचारलं, "हे तोंड का?" मी म्हटलं, "नाही, मागची बाजू." त्याने कागद जरा लांब धरला. दुसरा म्हणाला, "सरकार याचे पगार देतं?" मी म्हटलं, "माझ्या भाच्याला देतं."

मग बेसवेरी म्हणाला, "बाई, मला यातलं एवढंच कळलं. किडा म्हणतो की गुन्हा माझ्या मुलीचा नाही, दुसऱ्या कुणाचा तरी आहे."

बाळ, त्या वेळी मला तसंच सोडता आलं असतं. कागदाने सांगितलं, सरकारने सांगितलं, कुणीतरी जंगलात गेलं असेल, एवढ्यावर सून घरी आली असती. एरियाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तो चटईची काडी मोडत होता.

मी म्हटलं, "किडा काही म्हणत नाही. त्याचं तोंड आत असतं. मी म्हणते आहे. मी मुलाला झऱ्यावर नेलं. कापड मी वाळत टाकलं. इस्त्री मी केली नाही. आणि दोष हिला दिला." आणि मी नाल्वोगाच्या खोलीच्या दाराकडे तोंड करून गुडघे टेकले. सुनेपुढे सासूने गुडघे टेकलेले त्या घरात कुणी पाहिले नसावेत. एक म्हातारा उठून बाहेरच गेला.

बऱ्याच वेळाने ती आली. मला 'उठा' म्हणाली नाही. माफ केलं असंही म्हणाली नाही, आणि मला ते मागायची हिंमत झाली नाही. केयुने झोपलेला होता. तिने तो माझ्या हातांवर ठेवला. मला वाटलं होतं तेवढ्याच वजनाची तयारी करून मी हात पुढे केले होते, तर हात खाली गेले.

मी म्हटलं, "किती जड झालाय गं हा."

ती म्हणाली, "तुम्ही नव्हता बघायला."

तुझी सेंगा,
एरुसा